वर्गणीदारांचे वीर

ग्रंथ असो, नाटक असो कीं घरांत बसून खेळावयाचा खेळ असो, तो तयार होण्यापूर्वीं त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न टीकाकार सहसा विचारीत नाहींत. हातीं आलेल्या कृतीचे गुणदोष सांगणें हें आपलें काम आणि जमाखर्च पाहणें हें प्रकाशकाचें काम, अशी वांटणी त्यांनीं करून टाकलेली असते. ही वांटणी सोयीची आहे, पण पुरतेपणीं खरी नाहीं. खर्च देणारा बदलला कीं कर्त्याची नजर कोणाच्या मुद्रेकडे लागलेली असते, तेंही बदलतें. राजाश्रयानें लिहिणारा कवि राजाच्या मुद्रेकडे पाही. छापखाना आल्यावर लेखक प्रकाशकाकडे आणि त्याच्या पाठीमागच्या अनोळखी ग्राहकाकडे पाहूं लागला. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आणखी एक रीति रूढ झाली आहे. तींत कृति अजून व्हावयाची असतां तिचा भावी उपभोक्ताच पैसे आगाऊ देतो, आणि पैशाबरोबर आपली आवडनिवडही कळवितो. या रीतीनें वाढलेल्या एका खेळाच्या निमित्तानें तिचा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

खेळाचें नांव ‘सेंटिनल्स ऑफ द मल्टिव्हर्स’, म्हणजे अनेक विश्वांचे पहारेकरी. अमेरिकेंतील सेंट लुईस येथील ‘ग्रेटर दॅन गेम्स’ या मंडळीनें तो २०११ च्या ऑगस्टांत इंडियानापोलिस येथें भरणाऱ्या ‘जेन कॉन’ या खेळांच्या मोठ्या मेळाव्यांत प्रसिद्ध केला. क्रिस्टोफर बडेल, पॉल बेंडर आणि अॅडम रेबोटारो हे त्याचे कर्ते. चित्रें रेबोटारो यांचीं. विषय सुपरहीरोंचा, म्हणजे अमेरिकन चित्रकथांतील अतिमानुष वीरांचा. पहिल्या पेटीनंतर त्याच्या ज्या पुरवण्या निघाल्या, त्यांपैकीं मोठ्या पुरवण्यांसाठीं कर्त्यांनीं ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणी मागितली. पत्त्यांच्या खेळाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा खेळ म्हणजे पानापानांतून सांगितलेली एक कथा आहे, आणि कथा जेथें आहे तेथें टीकाकाराचा अधिकार पोंचतो.

प्रथम वर्गणीची रीति सांगूं. ‘किकस्टार्टर’ ही संस्था न्यूयॉर्क येथें एप्रिल २००९ मध्यें सुरू झाली. कर्त्यानें आपली योजना तेथें मांडावी, लागणारी रक्कम आणि मुदत जाहीर करावी, आणि लोकांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें आंकडा घालावा. मुदतींत ठरलेली रक्कम पूर्ण झाली तर पैसे घेतले जातात. ती एका डॉलरनेंही कमी पडली तर कोणाचेही पैसे घेतले जात नाहींत. यशस्वी योजनेंतून संस्था शेंकडा पांच आपल्यासाठीं कापून घेते. रक्कम ठरल्याहून पुढें गेली, तर कर्ते बहुधा वाढीव टप्पे जाहीर करतात: इतके जमल्यास एक जादा वीर, इतके जमल्यास आणखी पानें. या टप्प्यांकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे, म्हणून वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

पुष्कळांच्या थोड्या-थोड्या पैशानें मोठें काम उभें करणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. न्यूयॉर्कच्या बंदरांतील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासाठीं चौथरा बांधावयास पैसा पुरेना, तेव्हां जोसेफ पुलित्झर यांनीं १८८५ मध्यें आपल्या ‘वर्ल्ड’ पत्रांतून हांक दिली, आणि १,२०,००० हून अधिक लोकांनीं एक लाखावर डॉलर पाठविले. देणाऱ्याचें नांव पत्रांत छापून येई. पण चौथऱ्याचा घाट कसा असावा हें त्यास कोणी विचारलें नाहीं. आमच्याकडे डॉ. केतकरांनीं ज्ञानकोशासाठीं नागपुरास १९१६ मध्यें मंडळी स्थापून भाग विकले आणि गांवोगांव वर्गणीदार मिळविले. त्या वर्गणीदारांसही कोणत्या विषयावर काय लिहावें हें सांगण्याचा अधिकार नव्हता, आणि त्यांनीं तो मागितलाही नाहीं. नवें आहे तें हें कीं, आतांचा वर्गणीदार कर्त्याच्या टेबलाशीं येऊन बसतो. तो विचारतो, सुचवितो, रुसतो, आणि कधीं कधीं हट्टही धरतो. हा शेजार कृतीला मानवतो कीं बाधतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आतां खेळाकडे वळूं. एका डावांत तीन ते पांच वीर उतरतात. प्रत्येक वीराचा ४० पानांचा स्वतंत्र कॅट असतो. खलनायकाचा २५ पानांचा, आणि जेथें युद्ध व्हावयाचें त्या स्थळाचा १५ पानांचा. पहिल्या पेटींत दहा वीर, चार खल आणि चार स्थळें होतीं. खलनायकाच्या बाजूनें कोणी माणूस खेळत नाहीं. त्याचीं पानें क्रमानें उलटत जातात, आणि त्यांवर लिहिलेलें संकट सर्वांवर कोसळतें. मेंढीकोटांत समोरासमोरचे दोघे भिडू असतात आणि उरलेले दोघे प्रतिपक्ष. येथें बैठकींतील सगळेच एकमेकांचे भिडू, आणि प्रतिपक्ष म्हणजे पिसून ठेवलेला एक कॅट. ज्या घरांत सुटींत मुलें आणि वडील माणसें एकत्र पत्ते घेऊन बसतात, तेथें या योजनेचें मोल सांगावयास नको. धाकट्यानें हरावें तेव्हां थोरल्यानें हंसावें, हा प्रकार येथें संभवतच नाहीं.

पानांवर वीर काढण्याची चाल आमच्याकडेही जुनी आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० पानें असतात, दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा. पण दिवसा रामाचा आणि रात्रीं कृष्णाचा मान पहिला, एवढा भेद सोडला, तर त्या पानांवरील अवतार अवतार म्हणून कांहीं करीत नाहीं. चित्र सुंदर असतें, पण डाव चालतो तो राजा, वजीर आणि अंक यांवर. या अमेरिकन खेळांत उलट आहे. येथें प्रत्येक पान म्हणजे त्या वीराचें एक कृत्य आहे, आणि कॅटाची घडणच त्याचा स्वभाव सांगते. ‘लेगसी’ हा पिढ्यानुपिढ्या वारशानें आलेल्या सामर्थ्याचा पुरुष. त्याची मूळची शक्ति अशी कीं, तिच्यामुळें त्याच्या सर्व सोबत्यांचा प्रहार वाढतो. तो स्वतः फारसा मारीत नाहीं, पण तो उभा असतांना इतरांच्या हातांस बळ चढतें. ‘टॅकिऑन’ ही वेगवान शास्त्रज्ञ स्त्री. तिचीं पानें भराभर हातांतून निघून टाकलेल्या पानांच्या ढिगांत पडतात, आणि अखेरचा जोराचा घाव त्या ढिगांत साठलेल्या चपळ पानांच्या संख्येवर ठरतो. ‘अॅब्सोल्यूट झीरो’ याचें दुर्दैव शीताचें. स्वतःस चटका लावून घेऊन तीच पीडा थंडीच्या रूपानें शत्रूवर फेंकावी, अशी त्याची युक्ति. ‘बॅरन ब्लेड’ हा खलनायक चंद्राला पृथ्वीवर ओढून आणूं पाहतो. त्याच्या टाकलेल्या पानांचा ढीग पंधरांवर गेला कीं चंद्र आदळतो आणि डाव सर्वांच्या अंगावर येतो. पानें मोजतां मोजतां आकाश जवळ येत असल्याचा भास होतो, आणि शब्दांचें वर्णन येथें लागतच नाहीं.

या साऱ्या रचनेंत आम्हांस सर्वांत भावलेला नियम पडलेल्या वीराचा आहे. वीराची जीवनशक्ति संपली म्हणजे त्याचें मुख्य पान उलटतात. इतर बहुतेक खेळांत अशा गड्यानें बाजूस बसून दुसऱ्यांचा खेळ पाहावयाचा असतो. येथें उलट्या बाजूस तीन लहान कामें लिहिलेलीं असतात, आणि पुढील प्रत्येक फेरींत त्यांतलें एक तो करूं शकतो. कोणा सोबत्यास एक पान मिळवून द्यावें, कोणाची शक्ति पुन्हां वापरूं द्यावी, अशीं तीं कामें असतात. पुष्कळदां जिंकण्यास लागणारा शेवटचा हात या पडलेल्याचाच असतो. वीरकथेंत हौतात्म्याचें वर्णन कितीही करावें. मेल्यावरही वीर सोबत्यांच्या उपयोगीं पडतो ही गोष्ट या एका नियमानें जितकी पटते, तितकी वर्णनानें पटत नाहीं.

दुसरी गोष्ट याहूनही वाङ्मयाच्या जवळची आहे. प्रत्येक पानाच्या तळाशीं एखाद्या पात्राचें वाक्य छापलेलें असतें, आणि त्याखालीं तें कोणत्या चित्रकथेच्या कोणत्या अंकांतून घेतलें याचा निर्देश असतो. हे अंक ‘सेंटिनल कॉमिक्स’ या प्रकाशनाचे. आणि तें प्रकाशन केव्हांही अस्तित्वांत नव्हतें. दशकानुदशकें निघालेल्या, अनेक लेखकांच्या हातून गेलेल्या, मध्येंच बिघडलेल्या आणि पुन्हां सांवरलेल्या चित्रकथांचा एक अख्खा संग्रह कर्त्यांनीं मनांत कल्पिला, आणि त्यांतले केवळ उतारे आमच्या हातीं दिले. ग्रंथ नाहीं, पण त्याचीं अवतरणें आहेत. खेळणाऱ्याचें मन हीं अवतरणें जोडूं पाहतें, मधल्या कथा आपणच रचतें, आणि एकाच प्रसंगाचे दोन तुकडे दोन निराळ्या कॅटांत सांपडले कीं त्यास शोध लागल्याचा आनंद होतो. वाचकास सहभागी करून घेण्याचा याहून सभ्य मार्ग आम्हांस माहीत नाहीं. कर्ता बोलावयाचें थांबतो आणि वाचकाच्या कल्पनेस जागा सोडतो. मत मागत नाहीं.

दोषही आहेत. वीरांपैकीं पुष्कळांच्या चेहऱ्यांत जुन्या प्रसिद्ध वीरांची छाया स्पष्ट दिसते. रात्रीं मुखवटा घालून हिंडणारी धनाढ्य ‘रेथ’ पाहून बॅटमॅनची आठवण न होणारा वाचक विरळा. त्याहून मोठा दोष हिशेबाचा. या पानानें प्रहार एकानें वाढतो, त्या पानानें एकानें घटतो, तिसऱ्या पानानें अग्नीचा प्रहार तेवढा दोनानें वाढतो. चारपांच वीर, खल, त्याचे हस्तक आणि स्थळ यांची ही बेरीज-वजाबाकी चालली असतां वीररस बाजूस राहून दुकानाची वही समोर आल्यासारखें वाटतें. पहिल्या आवृत्तींत हे आंकडे ध्यानांत ठेवण्यास साधनही दिलेलें नव्हतें. २०१२ मध्यें निघालेल्या सुधारलेल्या आवृत्तींत जीवनशक्तीचे आणि वाढ-घटीचे अंक दाखविणाऱ्या जाड कागदाच्या चकत्या घातल्या गेल्या, आणि खेळणाऱ्यांचा त्रास पुष्कळ कमी झाला. चाहत्यांचें म्हणणें कर्त्यानें केव्हां ऐकावें, याचें हें चांगलें उदाहरण आहे. जोडा कोठें चावतो हें घालणाराच जाणतो. वापरांतील अडचण ही वापरणाऱ्याची मालमत्ता आहे; तिच्याबद्दल तो बोलतो तेव्हां कर्त्यानें मान लववावी.

परंतु जोडा चावतो हें सांगणें निराळें, आणि कथेंत कोणी जगावें व कोणी मरावें हें सांगणें निराळें. अमेरिकन चित्रकथांच्या इतिहासांत या दुसऱ्या गोष्टीचाही प्रयोग होऊन गेला आहे. १९८८ मध्यें ‘डीसी’ या प्रकाशनसंस्थेनें बॅटमॅनच्या कथेंत त्याचा तरुण साहाय्यक जेसन टॉड यास स्फोटांत सांपडविलें, आणि त्याचें पुढें काय व्हावें हें वाचकांच्या मतावर सोडलें. दोन टेलिफोन नंबर जाहीर झाले, एक जगण्याचा आणि एक मरणाचा. दर मतास अर्धा डॉलर खर्च. मरणाच्या बाजूनें ५,३४३ मतें पडलीं आणि जगण्याच्या बाजूनें ५,२७१. अवघ्या ७२ मतांनीं तो मुलगा मेला. २००५ मध्यें त्याच चित्रकथेंत त्यास पुन्हां जिवंत करण्यांत आलें, तेव्हां त्या मतदानाचा निकालही अखेर टिकला नाहीं. या प्रयोगाची आम्हांस जी खंत वाटते ती क्रौर्याची नव्हे. मृत्यु हा कथेंत कशाचा तरी परिणाम असावा लागतो: स्वभावाचा, चुकीचा, निष्ठेचा किंवा निदान दैवाचा. येथें तो बहुमताचा परिणाम झाला. ७२ माणसांनीं त्या दिवशीं दुसरा नंबर फिरविला असता, तर कथेच्या अर्थांत काय बदललें असतें? कांहींच नाहीं. ज्या घटनेची उलट घटनाही तितकीच चालली असती, ती घटना कथेस आवश्यक नव्हती, हें उघड आहे.

याच्या शेजारीं ‘सेंटिनल्स’मधील एक प्रसंग ठेवून पाहावा. पहिल्या पेटींतला लेगसी हा सर्वांचा आधार. खेळणारे त्याच्यावर लोभ करतात. ‘शॅटर्ड टाइमलाइन्स’ या पुरवणींत कर्त्यांनीं दुसऱ्या एका विश्वांतील लेगसी आणला. त्या विश्वांत बॅरन ब्लेडनें त्याच्या मुलीचा प्राण घेतला, आणि त्या दुःखानें पोळलेला बाप जुलमी सत्ताधीश झाला. ‘आयर्न लेगसी’ या नांवानें तो आतां खलनायकांच्या जागीं बसतो, आणि त्याच्याशीं लढणें खेळांतील अत्यंत कठीण कामांपैकीं एक आहे. जो वारसा सोबत्यांस बळ देत होता, तोच आतां त्यांना चिरडतो. ही कल्पना मतास टाकली असती, तर आपला आवडता वीर असा व्हावा म्हणून पैसे देणारे किती निघाले असते याची आम्हांस शंका आहे. कर्त्यांनीं विचारलें नाहीं, म्हणूनच ती झाली. आणि झाल्यावर वर्गणीदारांनीं ती आवडीनें घेतली. वाचकास काय आवडतें हें त्यास पुष्कळदां आधीं ठाऊक नसतें. तें त्यास दाखवून देणें हें कर्त्याचें काम आहे, आणि वर्गणी देऊन वाचक खरें पाहतां हेंच विकत घेत असतो.

मग चाहत्यांनीं केवळ पैसे देऊन गप्प बसावें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. २०१७ पासून बडेल आणि रेबोटारो यांनीं ‘द लेटर्स पेज’ नांवाचा श्राव्य कार्यक्रम सुरू केला. अमेरिकन चित्रकथांच्या मागील पानांवर वाचकांचीं पत्रें छापीत; त्या सदरावरून हें नांव घेतलेलें. चाहते मासिक वर्गणी देऊन हा कार्यक्रम चालवितात आणि पत्रें पाठवितात. कर्ते एकेका पात्राचा पूर्ववृत्तांत सांगतात आणि पत्रांतील प्रश्नांस उत्तरें देतात. अमुक वीराचें बालपण कसें गेलें, अमुक दोघांचें वैर कशावरून लागलें, पानावर दाखविलेला अमुक अंक कोणत्या काळांतला, असे ते प्रश्न असतात. येथें चाहत्याच्या सहभागाचें योग्य रूप आम्हांस दिसतें. प्रश्न विचारणारा कर्त्यावर हुकूम चालवीत नाहीं, पण त्यास निसटूंही देत नाहीं. नसलेल्या ग्रंथाचीं अवतरणें देणाऱ्या कर्त्यास हे प्रश्न विचारतात, ‘तुमचा ग्रंथ खरोखर तुमच्या मनांत आहे ना?’ त्या चौकशीस उत्तर देतां देतां ती कल्पित चित्रकथा अधिक सुसंगत झाली. आमच्याकडील कीर्तनकारास समोरचा जाणता श्रोता जसा संभाळून बोलावयास लावतो, तसेंच हें.

पैशानें जें केलें तें मात्र इतकें निर्दोष नाहीं. वाढीव टप्प्यांची रीति वर सांगितलीच आहे. तिचा स्वभाव असा कीं, ती नेहमीं ‘आणखी’ देतें म्हणते, ‘अधिक चांगलें’ देतें असें म्हणूं शकत नाहीं. इतके हजार जमल्यास तुमची एक कल्पना आम्ही काढून टाकूं, असा टप्पा कोणी जाहीर केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि संपादनाचें निम्मे काम तर काढून टाकण्याचेंच असतें. २०१६ मध्यें वर्गणी मागून २०१८ मध्यें लोकांच्या हातीं आलेली ‘ऑब्लिव्हिऑन’ ही या कथेची समाप्ति. विश्वाचा नाश करूं पाहणाऱ्या शक्तीशीं सर्व वीरांचा झगडा, असा तिचा थोर विषय. पण दोन रणक्षेत्रें, अनेक दुय्यम खल, निरनिराळ्या कामगिऱ्या, आणि पडलेल्या वीराच्या जागीं नवा वीर, इतका पसारा झाल्यामुळें एक डाव तासन् तास चालतो. शिवाय पडलेल्याच्या उलट्या पानाचें जें मर्म आम्हीं वर वाखाणिलें, तें नवा वीर लगेच उभा राहिल्यानें येथें बोथट होतें. मोठी वर्गणी मोठी पेटी मागते. तरीही एका गोष्टीबद्दल कर्त्यांचें कौतुक केलें पाहिजे: लोकांची आवड ऐन भरांत असतां त्यांनीं ‘ही समाप्ति’ असें स्पष्ट म्हटलें, आणि तें म्हणावयास धैर्य लागतें. पुढें २०२१ मध्यें मूळ खेळाची नव्यानें घडविलेली ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ति निघाली. तींत नियमांची आणि हिशेबाची बरीच छाटणी झाली, हें विशेष.

आतां शेवटची आणि थोडी दुःखाची गोष्ट. आगाऊ दिलेली वर्गणी ही खरेदी नव्हे. ‘किकस्टार्टर’नेंच सप्टेंबर २०१२ मध्यें आपण दुकान नाहीं असें जाहीरपणें सांगितलें होतें. दुकानांत पैसे दिले कीं वस्तु हातीं येते. येथें पैसे दिले कीं शब्द हातीं येतो. एप्रिल २०२५ मध्यें अमेरिकेनें लावलेल्या नव्या आयात-जकातींचें कारण देऊन ‘ग्रेटर दॅन गेम्स’च्या मालक कंपनीनें नवीन कामें थांबविलीं आणि बहुतेक नोकरांस निरोप दिला. पत्त्यांच्या पेट्या चीनमध्यें छापून आणण्याची या धंद्यांत सर्वत्र चाल असल्यामुळें जकातीचा हा घाव वर्मीं बसला. विश्वांचा पहारा करणारे वीर बंदरावरच्या जकातीपुढें हतबल झाले, असें कोणी हंसून म्हणेल. आम्हांस त्यांत हंसावयासारखें कांहीं दिसत नाहीं. लोकवर्गणी कामाचा आरंभ करून देते, पण सांभाळ करण्यास ती पुरत नाहीं. हजारों वर्गणीदारांचा लोभ एकत्र येऊन पेटी छापतो. पण संकटाच्या दिवशीं त्या लोभास सभा नसते, कोष नसतो, आणि निर्णयांत जागा नसते. पुतळ्याचा चौथरा एकदां बांधला म्हणजे उभा राहतो. खेळ, मासिक किंवा नाटकमंडळी यांना मात्र रोज उभें करावें लागतें.

तेव्हां वर्गणीदाराचा हक्क कोणता, याचें उत्तर आमच्या मतें असें आहे. दिलेला शब्द पाळला जावा, आणि पाळणें अशक्य झाल्यास तें वेळींच आणि खरें सांगितलें जावें, हा त्याचा पहिला हक्क. वापरांतील अडचण सांगून ती दूर करून घ्यावी, हा दुसरा. आणि कर्त्यास मनसोक्त प्रश्न विचारावे, हा तिसरा. कथा कशी व्हावी हें सांगण्याचा हक्क मात्र पैशाबरोबर येत नाहीं, आणि तो न घेण्यांतच वर्गणीदाराचें हित आहे. कारण स्वतः सांगितलेली कथा ऐकण्यास कोणीही पैसे देऊं नयेत. ‘सेंटिनल्स’च्या कर्त्यांनीं पहिल्या तिन्ही बाबतींत चाहत्यांस जवळ घेतलें आणि चौथ्या बाबतींत बहुतांशीं दूर ठेविलें, म्हणून त्यांचे वीर लोकांच्या पैशानें उभे राहूनही लोकांचे नोकर झाले नाहींत. लहान पेटी घेऊन, तिघांनीं-चौघांनीं, मुलांसह एखाद्या संध्याकाळीं हा खेळ खेळून पाहावा, अशी आमची शिफारस आहे. पडलेल्या वीराचें पान उलटून त्यानें सोबत्यास हात दिला, म्हणजे मुलांच्या तोंडावर जें दिसतें तें पाहण्यासारखें असतें.